जगातली आठ अस्वलं, आणि आपल्या वारुळावरचं एक

पाणकणीस (धागाकर्ता)

गेल्या बुद्धपौर्णिमेच्या रात्री ज्ञानगंगा अभयारण्यात मचाणावर बसलो होतो. खामगाव-बुलढाणा रस्त्यावरचं हे जंगल बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. २०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वरचा तो तरुण वाघ हजाराहून जास्त किलोमीटर चालत इथे पोचला, तेव्हा थोडे दिवस नाव पेपरात आलं. माझ्यासोबतची दोन पोरं रात्रभर वाघाचीच वाट बघत होती. मला अस्वल हवं होतं.

साडेअकराच्या सुमारास आधी आवाज आला. कुणीतरी बशीतला चहा जोरात भुरकावा, मध्येच थांबून फुंकर मारावी, पुन्हा भुरकावा, अगदी तसा. पाणवठ्याच्या पलीकडे वारूळ होतं, तिथून. पाच-सात मिनिटांनी ती उजेडात आली. अस्वलीण. पाठीवर दोन पिल्लं. एक पुढे तोंड करून, खांद्यावरच्या लांब केसांत पंजे रुतवून बसलेलं, आणि दुसरं चक्क उलटं, शेपटीकडे तोंड करून. ती पाण्यासाठी खाली वाकली तसं पुढचं पिल्लू घसरत मानेपर्यंत आलं, पण केस काही सोडले नाहीत. पाणी पिऊन ती मागच्या पायांवर उभी राहिली, आमच्या दिशेला नाक करून हवा ओढली, एकदा 'हुफ्' केलं आणि आली तशी गेली.

तेव्हापासून अस्वलांवर जे सापडेल ते वाचतोय. जगात अस्वलांच्या आठच जाती आहेत: ध्रुवीय, तपकिरी, अमेरिकी काळं, आशियाई काळं, सूर्य-अस्वल, दक्षिण अमेरिकेतलं चष्मेवालं, पांडा आणि आपलं हे झिपरं अस्वल. आठातली चार भारतात आहेत. आपलं जवळपास देशभर, काळं हिमालयात, तपकिरी त्याहून उंचावर आणि सूर्य-अस्वल ईशान्येत. तपकिरी आणि अमेरिकी काळं ही दोन सोडली, तर बाकी सहाही जाती आज असुरक्षित गटात मोडतात. ऑस्ट्रेलियात अस्वल नाही. आफ्रिकेत ॲटलास पर्वतात होतं, ते एकोणिसाव्या शतकात संपलं.

सगळ्यांबद्दल लिहीन, पण सुरुवात आपल्याच्यापासून करतो, कारण त्याच्यावर नावापासूनच अन्याय झालाय. इंग्रजीत त्याला 'स्लॉथ बेअर' म्हणतात. जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९१ मध्ये त्याचं वर्णन केलं तेव्हा लांब वाकड्या नख्या आणि पुढचे नसलेले दात बघून त्याला ते स्लॉथ या दक्षिण अमेरिकेतल्या झाडावर लटकणाऱ्या प्राण्याच्या कुळातलं वाटलं. चूक पुढे सुधारली, नाव मात्र राहिलं. स्लॉथ म्हणजे आळस, म्हणून आपल्याकडेही काही माहितीफलकांवर 'आळशी अस्वल' असं भाषांतर करून टाकलंय. ज्या प्राण्याला रात्रभर दगडासारखी वारुळं फोडत फिरावं लागतं, त्याला आळशी म्हणायचं!

ज्या दातांमुळे शॉ फसला, ते नसणं हीच त्याची करामत आहे. वरचे मधले दोन पटाशीचे दात नसतात, तिथे फट असते. टाळू आतून खोलगट. खालचा ओठ लांब आणि सुटा, नाकपुड्या हव्या तेव्हा मिटता येतात. वारूळ फोडायचं, आधी फुंकून माती उडवायची, मग नाकपुड्या मिटून ओठांची नळी करायची आणि वाळवी त्या फटीतून आत ओढायची. तो भुरकण्याचा आवाज शंभर मीटरहून लांब ऐकू जातो. इतर कुठल्याच अस्वलाचं तोंड असं बनलेलं नाही. पिल्लांना रोजच्या रोज पाठीवर घेऊन फिरणारंही हे एकटंच.

तुम्ही कुठे, कुठलं अस्वल पाहिलंय? लिहा.

---

हिमरेषा

धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी तपकिरी पाहिलंय, द्रासच्या वरच्या अंगाला, तेही समोरच्या उतारावर, दुर्बिणीतून. खांद्यावरचा उंचवटा लगेच ओळखू येतो. ती चरबी नसते, खणण्यासाठी लागणारा स्नायू असतो. ते अस्वल पुढच्या पंजांनी गवताची ढेपच्या ढेप उपटून खाली काहीतरी शोधत होतं. मातीचा धुरळा इतक्या लांबून दिसत होता. अर्धा तास एकाच जागी. आमचा वाटाड्या म्हणाला, मुळं आणि मार्मोटची (थोराड डोंगरी खारीसारखा प्राणी) बिळं.

काळं अस्वल मात्र श्रीनगरजवळ दाचीगामला अगदी रस्त्यावर दिसलं. छातीवर पांढुरकी चंद्रकोर. तिथे मका आणि सफरचंदाचा हंगाम आला की गावात रात्री राखण असते. ही आपल्या अस्वलासारखी कीटकांवर जगणारी जात नाही, आक्रोड-ओकची फळं हा तिचा जीव. त्यामुळे बागांशी गाठ पडणारच.

---

लेकीची आई

माझ्या आठ वर्षांच्या लेकीला धागा वाचून दाखवला. तिचे प्रश्न जसेच्या तसे देते. १) पांडा खरंच अस्वल आहे का? २) कोआला? ३) अस्वल गुदगुल्या करून मारतं असं आजी सांगते, ते खरं का?

---

पाणकणीस

लेकीला सांगा, पांडा नक्की अस्वल. आनुवंशिक चाचण्यांनी तो वाद कधीच मिटला. लाल पांडाचं कूळ मात्र वेगळं, आणि कोआला तर कांगारूसारखा पिशवीवाला, अस्वलाशी काही नातं नाही.

पांडाचं पोट मांसाहारी अस्वलाचं आणि जेवण बांबूचं. बांबूचा जेमतेम पाचवा भाग पचतो, म्हणून दिवसाचे बारा-बारा तास तो खात बसतो. बांबू धरायला त्याच्या मनगटातलं एक हाड वाढून सहाव्या बोटासारखं झालंय. पिल्लू जन्मतं तेव्हा फक्त शंभरेक ग्रॅमचं, आईच्या वजनाचा सुमारे नऊशेवा भाग. तुमच्या लेकीच्या तळहातावर मावेल, गुलाबी, बिनकेसांचं, डोळे मिटलेलं. चीनच्या २०१४ सालच्या गणनेत जंगलातले पांडे १८६४ निघाले, आणि २०१६ मध्ये तो 'धोक्यात' या गटातून एक पायरी वर आला.

गुदगुल्यांचं मीही लहानपणापासून ऐकलंय. ते खरं नाही. अस्वलाला गुदगुल्या करता येत नाहीत, त्याच्या नख्या सात-आठ सेंटिमीटरच्या असतात. आजींना नमस्कार सांगा, पण लेकीला खरं ते सांगा.

---

तांबडमाती

गुदगुल्यांवरून राहवलं नाही, म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातला. माझ्या काकूला अस्वलानं धरलं होतं. बारा वर्षं झाली.

आमच्याकडे मार्च-एप्रिलात मोह पडतो. फूल रात्री गळतं, पहाटे झाडाखाली सडा असतो. उशीर केला तर गुरं खातात, हरणं खातात, म्हणून बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात. अस्वलालाही मोहाचं वेड. तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली. काकू वाकून वेचत होती, ते पलीकडे खाली मान घालून खात होतं. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. चार हातांवर आल्यावर कळलं.

तिचा एक डोळा गेला, गालाचं हाड मोडलं. डोक्याची कातडी मागून पुढे ओढली गेली होती. तालुक्याच्या दवाखान्यातून पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. एवढं होऊन काकू कधीच त्या अस्वलाला शिव्या देत नाही. विचारलं की म्हणते, "पिल्लू होतं ना तिच्या पाठीवर. मीच तिच्या अंगावर गेली."

हे सांगायचं कारण, अस्वल वाघासारखं खायला माणूस मारत नाही. ते घाबरतं, आणि घाबरलं की पळायच्या आधी अंगावर येतं. ज्याच्या घरातलं माणूस असं ओरबाडलं गेलंय, त्याला 'क्यूट' म्हणून टाकलेले अस्वलाचे व्हिडिओ बघवत नाहीत. पण अस्वल मारून टाका असं आमच्या घरात आजही कुणी म्हणत नाही.

---

पाणकणीस

तांबडमाती, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. काकूंना माझा नमस्कार.

ते अंगावर का येतं, याबद्दल अभ्यासक जे सांगतात ते मला पटतं. हे अस्वल वाघाच्या आणि बिबट्याच्या शेजारी लाखो वर्षं वाढलंय. उघड्या माळावर, झुडपी रानात. झाडावर चढून सुटायची सोय नाही, कारण बिबट्याही चढतो. पिल्लं पाठीवर असली की पळूनही उपयोग नाही. मग उरतं एकच: उभं राहायचं, ओरडायचं आणि आधी वार करायचा. ताडोब्यातला २०१८ चा तो व्हिडिओ आठवत असेल, पाणवठ्यावर एका अस्वलिणीने पिल्लासाठी पूर्ण वाढलेल्या वाघाशी झुंज घेतली होती. वाघासमोर जी खोड तिला वाचवते, तीच मोहाखाली वाकलेल्या बाईच्या जिवावर येते. तिला दिसतंही बेताचंच, नाक मात्र फार तिखट. वारा उलटा असला आणि ती खाण्यात गुंग असली, तर माणूस जवळ येईपर्यंत तिला कळतच नाही.

---

परसदार

न्यू जर्सीतून लिहितेय. आमच्याकडे अमेरिकी काळं अस्वल. राज्याच्या एकवीसच्या एकवीस काउंट्यांत त्याची नोंद आहे, आमच्या परसात तर दर वसंतात. पहिल्या वर्षी हौसेने पक्ष्यांसाठी दाणे टांगले होते. सकाळी लोखंडी खांब काटकोनात वाकलेला आणि दाण्यांचा डबा शेजारच्या अंगणात. शेजारच्या आजोबांनी तेव्हा समजावलं की दाणे फक्त थंडीत, अस्वलं झोपलेली असताना टांगायचे.

नाव काळं असलं तरी ते दालचिनीच्या रंगाचं असू शकतं, तपकिरी असू शकतं, आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर तर काही पांढरी असतात. ध्रुवीय नव्हे, अल्बिनोही नव्हे. आई-बाप दोघांकडून एक विशिष्ट जनुक आलं की काळ्या आईच्याही पोटी पांढरं पिल्लू जन्मतं.

इथे अस्वलाला सगळ्यात मोठा धोका कचऱ्याच्या डब्याचा आहे. एकदा त्या वासाची सवय लागली की ते घरांची दारं उघडू लागतं, मग ते 'उपद्रवी' ठरतं आणि शेवटी मारलं जातं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात गेलो होतो तर तिथे गाडीत साधा टूथपेस्टही ठेवू देत नाहीत, सगळं लोखंडी पेटीत.

मुलांच्या टेडीचं मूळही याच अस्वलात. १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेलेल्या थिओडोर रूझवेल्टपुढे लोकांनी झाडाला बांधलेलं अस्वल आणलं आणि त्याने बांधलेल्या जनावरावर गोळी झाडायला नकार दिला. त्यावर पेपरात व्यंगचित्र आलं आणि पुढे कापडी अस्वलाला त्याचं लाडकं नाव मिळालं.

---

शब्दवेडा

अस्वलाच्या नावावर मी कितीही लिहू शकतो, आवरतं घेतो.

संस्कृतात अस्वल म्हणजे ऋक्ष. हिंदीतलं रीछ त्यातूनच, आणि जांबुवंत तो ऋक्षराज. ग्रीकमधलं 'आर्क्टोस' आणि लॅटिनमधलं 'उर्सुस' ही याच शब्दाची सख्खी भावंडं. आर्क्टिक म्हणजे 'अस्वलाखालचा प्रदेश'. पण हे अस्वल जमिनीवरचं नाही, आकाशातलं. उत्तरेला दिसणाऱ्या ज्या ताऱ्यांना आपण सप्तर्षी म्हणतो, त्यांना ग्रीकांनी मोठं अस्वल म्हटलं. आणि शतपथ ब्राह्मणात स्पष्ट म्हटलंय की सप्तर्षींना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत. म्हणजे आपल्याही आकाशात आधी अस्वलंच होती, ऋषी मागून आले.

आता रशियन. तिथे अस्वलाला 'मेद्वेद' म्हणतात. 'मेद' म्हणजे मध, आपल्या 'मधु'चंच रूप, आणि पुढे खाणे या अर्थाचा धातू, आपला 'अद्'. अख्खा शब्द म्हणजे 'मध खाणारा'. उत्तरेकडच्या लोकांना रानात त्याचं खरं नाव घ्यायची भीती वाटे, म्हणून टोपणनावं पडली आणि मूळ शब्द त्या भाषांतून हरवला. इंग्रजीतला 'बेअर'ही 'तपकिरी' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला असं मानतात. साप आला तर 'जनावर निघालंय' म्हणणारे आपण, आपल्याला हे समजावून सांगायला नको.

---

नाडीपरीक्षा

मी डॉक्टर आहे. अस्वलाच्या झोपेबद्दल वाचताना मी अक्षरशः अवाक होते.

थंड प्रदेशातलं तपकिरी किंवा काळं अस्वल पाच-सहा महिने गुहेत पडून असतं. त्या काळात ते खात नाही, पाणी पीत नाही, लघवी करत नाही, शौचाला जात नाही. एरवी मिनिटाला पन्नासेक पडणारे हृदयाचे ठोके दहा-पंधरावर येतात. शरीराचं तापमान मात्र चार-सहा अंशच उतरतं. एखादी खार अशा झोपेत गोठायच्या बेताला येते. अस्वल कोमट राहतं आणि त्रास दिला तर उठून अंगावरही येऊ शकतं.

माझा एखादा रुग्ण पाच महिने अंथरुणाला खिळला तर काय होतं? स्नायू वाळतात, हाडं ठिसूळ होतात, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. लघवी बंद झाली तर युरिया साठून काही दिवसांत जिवावर बेततं. अस्वल तोच युरिया मोडून पुन्हा प्रथिनं बनवतं आणि वसंतात चालत बाहेर येतं. गुठळ्या का होत नाहीत, यावर स्वीडनमधल्या तपकिरी अस्वलांचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. झोपेच्या काळात त्यांच्या रक्तातल्या बिंबिकांमधलं (प्लेटलेट्स, ज्यांच्यामुळे रक्त गोठतं) एचएसपी-४७ नावाचं प्रथिन एकदम कमी होतं. मणक्याला इजा होऊन वर्षानुवर्षं न हलू शकणाऱ्या माणसांतही तेच दिसलं. गुहेतल्या अस्वलाच्या रक्ताचे नमुने घेऊन हे शोधलंय, किती धीराचं काम!

माद्या तर याच झोपेत बाळंत होतात. समागम उन्हाळ्यात होतो, पण गर्भ कित्येक महिने गर्भाशयात न रुजता तसाच थांबतो. शरद ऋतूपर्यंत आईच्या अंगावर पुरेशी चरबी चढली तरच रुजतो.

आणखी एक, पोटतिडकीने. पित्ताचे खडे आणि यकृताच्या काही आजारांत आम्ही अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतो. त्यातलं 'अर्सो' म्हणजे शब्दवेडा यांनी सांगितलेलं 'उर्सुस'. हे आम्ल पहिल्यांदा अस्वलाच्या पित्तातून वेगळं केलं गेलं. आता ते कारखान्यात तयार होतं, स्वस्त असतं, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात मिळतं. तरीही चीनमध्ये आजही आशियाई काळ्या अस्वलांना पिंजऱ्यात ठेवून पित्त काढण्याचे उद्योग कायदेशीर आहेत. वैद्यकशास्त्राला त्या अस्वलांची काडीइतकी गरज नाही.

---

हिमरेषा

आपलं झिपरं अस्वल असं झोपतं का?

---

पाणकणीस

नाही. आपल्याकडे बारमाही काही ना काही मिळतं. वाळवी, मुंग्या, मग बोरं, मोह, टेंभरं, जांभळं, उंबरं, बहाव्याच्या शेंगा, मध. झोपायची गरजच पडत नाही. पांडाही झोपत नाही, सूर्य-अस्वल आणि चष्मेवालंही नाही. ध्रुवीय अस्वलांत फक्त गाभण माद्या बर्फात गुहा करतात.

बहाव्यावरून आठवलं. त्याच्या बिया अस्वलाच्या पोटातून गेल्यावर रुजतात. उन्हाळ्यात पायवाटेवर अस्वलाची विष्ठा दिसली की जरूर बघा. त्यात बियाच बिया असतात आणि किड्यांच्या पंखांचे चमकणारे तुकडे.

---

जुना सोलापूरकर

माझं वय सत्तरीपुढे. दरवेशी अस्वल घेऊन आमच्या गल्लीत यायचा. डमरू वाजला की आम्ही सगळी पोरं धावायचो. लहान मुलांची भीती जावी म्हणून त्यांना अस्वलाच्या पाठीवर बसवायचे. मलाही बसवलंय. खरखरीत केस आणि एक उग्र वास, एवढं अजून लक्षात आहे. आईने दोन आणे देऊन अस्वलाचा केस घेतला होता, दृष्ट लागू नये म्हणून ताइतात घालायला. तो ताईत माझ्या दंडात बरीच वर्षं होता.

त्याच्या नाकातून दोरी गेलेली असायची, ती कशी घालतात हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता कळलं, पिल्लू असतानाच तापलेल्या सळईने मुस्कटाला भोक पाडायचे, सुळे तोडायचे, आणि ते पिल्लू मिळवायला बहुतेक वेळा आईला मारलेलं असायचं. ते नाचत नव्हतं, दोरीची कळ चुकवत होतं. आम्ही टाळ्या वाजवत होतो. या धाग्यावर हे लिहिलंच पाहिजे असं वाटलं.

---

पाणकणीस

काका, लिहिलंत हे फार बरं झालं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येऊनही हा खेळ पुढे कित्येक वर्षं चालला, कारण त्या कुटुंबांना दुसरं काम येत नव्हतं. वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेने उत्तरेतल्या कलंदर समाजाबरोबर काम करताना अस्वल सोडून देणाऱ्या कुटुंबाला धंद्यासाठी मदत आणि मुलांना शाळा, असा मार्ग धरला. २००९ च्या अखेरीस शेवटचं नाचणारं अस्वल सुटलं. आग्र्याजवळ त्यांचं मोठं केंद्र आहे. सुळे तोडलेली अस्वलं जंगलात परत जगू शकत नाहीत, म्हणून ती तिथेच म्हातारी होतात. बिनदोरीची.

---

तोहोकूवासी

सेंदाईहून. जपानच्या मुख्य बेटावर आशियाई काळं अस्वल (त्सुकिनोवागुमा, 'चंद्रकोरीचं अस्वल') आणि होक्काइदोत तपकिरी. इथे २०२५ हे फार वाईट वर्ष गेलं. दहाहून जास्त माणसं दगावली. अकितामध्ये तर सापळे वाहायला नोव्हेंबरात सैन्यदलाची माणसं आणावी लागली. डोंगरात बीच नावाच्या झाडांना फळं धरली नाहीत, आणि खेडी म्हाताऱ्यांपुरती उरलीत. पूर्वी जंगल आणि गाव यांच्यामध्ये जी राबती जमीन होती तिथे आता झुडपं आहेत. पर्सिमनच्या झाडांची फळं उतरवायला घरात कुणी नाही, अस्वल थेट अंगणात येतं. आम्ही डोंगरात जाताना पाठपिशवीला घंटी बांधतो.

---

उत्तररंग

कॅनडातल्या मॅनिटोबातून एक छोटी नोंद. हडसन बेच्या काठावर चर्चिल नावाचं गाव आहे, ऑक्टोबर-नोव्हेंबरात ध्रुवीय अस्वलं तिथे समुद्र गोठायची वाट बघत बसतात. बर्फ धरल्याशिवाय सील पकडता येत नाहीत, त्यामुळे उन्हाळाभर जवळपास उपाशी. मी पाहिलेला नर एका विलोच्या झुडपाशी डोकं पंजांवर ठेवून पडला होता, मध्येच उठून काठापर्यंत जायचा, पाण्याचा वास घ्यायचा आणि परत येऊन तिथेच पडायचा. दिवसभरात चार वेळा. पांढऱ्या केसांखालची त्याची कातडी काळी असते, नाकावरून ते कळतं. हडसन बेच्या पश्चिम भागात २०१६ साली अंदाजे ८४२ अस्वलं होती, २०२१ मध्ये ६१८. बर्फ उशिरा धरतो आणि लवकर सुटतो, बाकी काही कारण शोधायला नको.

---

परसदार

एक विचारायचं होतं. दोन मित्र आणि अस्वलाची गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. मेल्याचं सोंग घ्यावं का?

---

पाणकणीस

कुठल्या अस्वलासमोर, त्यावर आहे. तपकिरी अस्वलीण पिल्लांसाठी अंगावर आली तर पालथं पडून निपचित राहण्याचा उपयोग होतो. तुमच्याकडच्या काळ्याने हल्ला केला तर तिथले वनखाते प्रतिकार करायला सांगतात. आपल्या अस्वलाच्या बाबतीत पळू नये, ते माणसापेक्षा जोरात धावतं. झाडावर चढू नये, मधाच्या पोळ्यासाठी तेही चढतं. अंगावर आलंच तर पालथं पडून दोन्ही हात मानेवर आणि डोक्यावर घट्ट धरावेत, चेहरा जमिनीत. त्याचा वार तोंडावर आणि डोक्यावर असतो.

पण ही वेळ येऊ नये म्हणूनच धडपड करायची. एकट्याने जाऊ नये, बोलत, आवाज करत जावं.

---

तांबडमाती

काकू आता दिवस उगवल्यावरच जाते. सोबत वहिनी. तेलाच्या रिकाम्या डब्यात खडे घालून तो दोरीने कमरेला बांधते. झाडापासून पन्नास पावलांवर थांबून डबा वाजवते, मग दोन मिनिटं गप्प उभी राहते. "तिला जायला टाइम द्या लागते," म्हणते. फुलं थोडी कमी मिळतात.

---

लेकीची आई

तांबडमाती, काकूंची ही पद्धत लेकीला सांगितली, तिने दिवसभर घरात डबा वाजवला. पाणकणीस, सूर्य-अस्वल आणि चष्मेवाल्याबद्दल राहिलंय. आणि तिला आपलं अस्वल बघायचंय. डिसेंबरच्या सुट्टीत हंपीला जातोय, तिथून जवळ आहे म्हणतात.

---

पाणकणीस

सूर्य-अस्वल आठांत सगळ्यात लहान, तुमच्या-माझ्या वजनाचं किंवा त्याहून कमी. जीभ वीस-पंचवीस सेंटिमीटर, मधाच्या पोळ्यात खोल घालायला. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊच्या प्राणिसंग्रहालयातलं एक सूर्य-अस्वल उभं राहून लोकांकडे बघत होतं, तर जगभर चर्चा की आत माणूस आहे. ते खरंच तसं उभं राहतं, पार्श्वभागावरची कातडी ढिली असल्यामुळे पायजमा घातल्यासारखं दिसतं. चष्मेवालं अँडीज पर्वतातलं, दक्षिण अमेरिकेत उरलेलं एकमेव अस्वल. प्रत्येकाच्या डोळ्यांभोवतीची नक्षी निराळी. झाडावर फांद्या मोडून माच करतं आणि त्यावर बसून खातं.

हंपीजवळचं ते दरोजी अभयारण्य, खास अस्वलांसाठी १९९४ मध्ये केलेलं. मनोऱ्यावरून समोरच्या खडकांवर दुपारनंतर अस्वलं उतरताना दिसतात. दुर्बीण न्या. पण एक सांगतो. आपल्या अस्वलिणी डिसेंबर-जानेवारीत विततात आणि पुढचे दोनेक महिने पिल्लांजवळ गुहेतच असतात. डिसेंबरात गेलात तर बहुतेक नर दिसतील. पाठीवरची पिल्लं बघायची असतील तर मार्चनंतर जा.

---

लेकीची आई

परीक्षा संपली की, मग. डिसेंबरची तिकिटं रद्द करते.